डॉक्टर रातोमिर यांचं वाढलेलं वजन

२०१९ साली आमच्या मोरावा नदीकाठच्या गावात सरकारी दवाखान्याने वजन घटवण्याची योजना सुरू केली, आणि त्याच वर्षी गावात एकट्या डॉक्टर रातोमिर यांचं वजन वाढलं. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे.

माझ्या नणंदेचा, कोसारावन्संचा, गुडघा गेला होता. जिना चढवत नसे, म्हणून त्या स्वतःच्याच घरात खालच्या स्वयंपाकघरात झोपत. शहरातल्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी वजन उतरवा, मग गुडघा बदलू. वन्सं योजनेत दाखल झाल्या: नदीकाठी चालणं, मोजकं जेवण आणि दर आठवड्याला भूक मारणारी सुई. ही सुई डॉक्टर रातोमिर यांच्या सहीशिवाय मिळत नसे.

सुईने भूक मेली, स्वयंपाक काही मेला नाही. थंडीत डुकरं कापली गेली, हॅम धुरीला लागलं, आलुबुखाराचा मुरंबा उकळला. आमच्याकडे अन्न टाकणं पाप आणि डॉक्टरकडे रिकाम्या हाताने जाणं त्याहून मोठं पाप. दोन्ही एकाच पिशवीत टळत होती.

"वन्सं, चीजची एवढी गिबानित्सा कुणासाठी भाजलीत?"

"डॉक्टरांसाठी. मला तर वासही नको वाटतो."

"पण त्यांनीच तुमची बंद केली ना?"

"माझी केलीय, वहिनी. त्यांची कुठे केलीय?"

डॉक्टरांनी आधी नकार दिला. "कोसाराबाई, हे मला घेता येणार नाही."

"का? माझ्या हातचं चालत नाही? तुमची आई असती तर आज रडली असती!"

डॉक्टरांनी घेतलं. घेतल्यावर खावंही लागे, कारण पुढच्या खेपेला वन्सं समोर बसून विचारत, मीठ कमी पडलं का? बाकीचे पेशंटही तसेच. वसंत येईतो गाव उतरलं आणि डॉक्टरांच्या कोटाची बटणं लागेनात.

मग जिल्ह्याहून निरीक्षक व्लास्तिमिर आले. अगदी काटकुळा माणूस. त्यांनी गावाचं अभिनंदन केलं आणि डॉक्टरांना काट्यावर उभं केलं. नियमानुसार पर्यवेक्षक अनुकरणीय असावा. डॉक्टर तसे नव्हते. सबब ते पेशंट ठरले. पेशंटला पेशंटसाठी सही करता येत नाही. सुया थांबल्या. डॉक्टरांनाही सुई मिळेना, कारण गावात सही करणारे तेच एकटे होते.

"माझी भूक परत आलीय," वन्सं रडवेल्या होऊन म्हणाल्या. "काल अख्खा पाव संपवला. आता मी वर काही जात नाही."

"मग डॉक्टरांनाच बारीक करा," मी वैतागून म्हणाले.

त्यांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून वन्सं काठी टेकत पुढे, मागे डॉक्टर, त्यांच्या मागे सगळे पेशंट, अशी वरात नदीकाठी निघू लागली. "पाय उचला, डॉक्टर! माझा गुडघा तुमच्या पोटात अडकलाय!"

डॉक्टरांकडे निघालेली प्रत्येक पिशवी वाटेत जप्त होई. जप्त मालाचं करायचं काय? डॉक्टरांच्या फेरतपासणीचा अर्ज घेऊन जिल्ह्याला सारखं जावं लागे, आणि कचेरीत तरी रिकाम्या हाताने कोण जातं?

शरदात निरीक्षक पुन्हा आले. त्यांना गाडीतून उतरायला दोघांचा हात लागला. डॉक्टर अनुकरणीय ठरले. निरीक्षकांना कुणी काट्यावर उभं केलं नाही. तसा नियम नाही.

वन्संचा गुडघा बदलला. त्या वर झोपतात, खाली फक्त स्वयंपाकाला उतरतात. डॉक्टरांनी कुत्रा पाळलाय. तो फार लठ्ठ आहे. निरीक्षक राजधानीत लठ्ठपणा निवारण समितीचे अध्यक्ष झाले. तसं हॅम मात्र आता होत नाही. ते करणाऱ्या म्हाताऱ्या वारल्या आणि खाणारे योजनेत आहेत.

हसताय? डॉक्टरांकडे किंवा साहेबांकडे तुम्ही शेवटचा जो डबा नेलात, तो घरात कुणाला हवा होता?