वाळ्याआडचं पाहुणं

वैशाखात आमच्या दारव्ह्याच्या गल्लीत वाळ्याचा पडदा एकाच घरी लागे, आणि तोही माणसांसाठी नसे. गणपतकाका तो भिजवून एका कपाटाभोवती लावीत. ओल्या वाळ्याचा गंध भिंत ओलांडून आमच्या ओसरीवर येई. गारवा मात्र सारा कपाटाचा. सरूकाकू स्वयंपाकघराच्या दारात पदराने वारा घेत बसलेल्या असत.

"परदेशातलं पाहुणं हाये थे," काका सांगत. "आपलं ऊन त्याले कसं सोसन?"

पाहुणं फ्रान्सचं होतं. यवतमाळच्या कापूस कंपनीचा गोरा साहेब मायदेशी परतला तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा हर्रास झाला. तिथून काकांनी ते बोली लावून घेतलं आणि बैलगाडीत घालून, गोधड्यांत गुंडाळून आणलं. मधाच्या रंगाचं लाकूड, त्यावर कागदासारख्या पातळ पापुद्र्यांची चिकटवलेली फुलंपानं, पितळी कड्या, किंचित वाकलेले नाजूक पाय. पण त्यात काही ठेवायला काकांची परवानगी नव्हती.

"पाहुण्याच्या डोक्यावर कोनी ओझं देते का?" काका म्हणत.

काकूंची लुगडी पत्र्याच्या ट्रंकेतच राहिली. "माह्या भावाले हे आंगणात झोपवते," त्या मला म्हणत, "अन् याले वाळा लावते." या वाक्यात रागही उरला नव्हता, इतक्यांदा ते बोलून झालं होतं.

काका जिनिंग कारखान्यात कापसाचे पारखी होते. गाडीच्या तळात हात खुपसून कवडी, म्हणजे डागी कापूस, बाहेर ओढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ती सवय अशी मुरली होती की लग्नाच्या पंगतीतही ते भाताचा तळातला घास आधी उचलून उजेडात पाहत.

नोकरी संपल्यावर मुलाने नागपूरला बोलावलं. दोन खोल्यांचं बिऱ्हाड. कपाटाला जागा नव्हती. काकूंचे गुडघे थकले होते, त्यांना आता मुलाकडेच बरं वाटेल, असं काकांनी मनाशी ठरवलं आणि कपाटाच्या हर्रासाची दवंडी दिली. काकू ट्रंक भरू लागल्या.

रविवारी अंगणात माणसं जमली. बोरी अरबचे लाकडाचे व्यापारी करीमशेठ, आर्णीचे एक वैद्य, आणि आमच्यासारखे बघे. बोली पुकारण्याआधी काकांनी कपाट पाठमोरं फिरवलं.

"हे पाहा, इथं कीड लागली होती. हा पाय साहेबाच्या कुत्र्यानं चावला. अन् हे फूल म्या सरसानं चिकटवलं, टिकाचं नाही."

"काका, इकून राह्यले का बदनामी करून राह्यले?" करीमशेठ म्हणाले.

"माल दाखवून राह्यलो. तुमी यात ठेवसान काय, थे सांगा."

"ठेवतो कायले? तोडून फळ्या काढीन."

काकांनी मान फिरवली. वैद्यांनी चूर्णाच्या पुड्या ठेवीन म्हटलं, तर काका म्हणाले, "हिंगाचा वास लागन." बोली सुरूच होईना. ऊन अंगणभर पसरलं. माणसं कंटाळून उठू लागली. मलाही घरी जाऊन गार फरशीवर पडावंसं वाटत होतं.

तेवढ्यात ट्रंकेवर बसलेल्या काकू, वर न पाहता, म्हणाल्या, "माह्याकून चार आणे."

नवे पैसे येऊन बराच काळ झाला होता, पण काकूंचा हिशेब अजून आण्यांतच होता. लोक हसले. काका हसले नाहीत.

"तू काहून? आपल्याले त नागपूरले जाचं हाये."

"तुमाले जाचं हाये. मले कोनं इचारलं?" गुडघा चोळत काकू म्हणाल्या. "इथं भांडाले हे कपाट त हाये. तिथं दुपारभर म्या कोनासंगं बोलू?"

काकांनी पितळी कडीवरून बोट फिरवलं.

"ठेवशीन काय यात?"

"लुगडे. दुसरं काय हाये माह्यापाशी?"

एक बार, दोन बार, तीन बार, हे काकांनी एका श्वासात म्हटलं. मध्ये कुणाला तोंड उघडायला फटच ठेवली नाही. करीमशेठ पुढे झाले आणि कपाट आत न्यायला त्यांनी एक बाजू धरली.

संध्याकाळी मी ताक घेऊन गेले. काकू खाटेवर डोळे मिटून पडल्या होत्या. काका जमिनीवर बसून नागपूरसाठी भरलेल्या ट्रंकेतल्या एकेका लुगड्याची घडी मोडत, पुन्हा घालत, उठून ते वरच्या खणात ठेवत होते. वरचा खण गच्च भरला, मधलाही भरत आला.

"खालचा रिकामा राहू दे," ते म्हणाले. "वाकाचं काम नाही तुले."

"मंग त्यात तुमचे धोतरं ठेवा," डोळे न उघडता काकू म्हणाल्या.