ठकूबाईने माफी नाकारिली त्याची हकीकत

श्री न्यायदेवता जागी असल्यास प्रसन्न असो. शके सतराशे नव्वद, विभवनाम संवत्सरे, एका संस्थानी, ज्याचे नाव लिहिल्यास लिहिणारास कैद होईल, तेथील वर्तमान ऐसे जे: नगराबाहेर पालवस्ती होती, तेथील लोक सुया-पोत विकोन पोट भरीत. नगरात कोणाचा तांब्या हरपला तरी चोर पालवस्तीतलाच, ऐसा दरबाराचा सिद्धांत होता, आणि सिद्धांत असल्याने शोधाचे श्रम वाचत. मग हुकूम जाहला की, वस्तीतील प्रत्येक जाणत्या माणसाने रोज सायंकाळी चावडीवर हजेरी द्यावी, आणि शीव ओलांडील तो चोर समजावा. ऐसे उभे राहता राहता माणसे म्हातारी जाहली.

त्या वस्तीत ठकूबाई सुईण होती. तिची लेक चिमी नदीपारच्या पालांत दिली होती, आणि हजेरी तेथेही होती, त्यामुळे मायलेकींची भेट नाही. मग वस्तीने सभा करोन हुकुमाविरुद्ध अदालतीत दावा लाविला, त्रिंबक नारो वकील नेमिले, आणि हणमा यास वादी केला. कारभारी थोर बुद्धिवान. त्यांनी हणमास बोलावून एकट्यास हजेरी माफ केली. मग न्यायाधीशांनी पुसिले, "आता तुजला दुःख काय?"

"काई न्हाई, सरकार."

"मग दावा कशाचा?" ऐसे बोलोन दावा काढून टाकिला, आणि हुकूम जैसा होता तैसा राहिला. मग राही म्हणोन विधवा उभी केली, तिलाही माफी दिधली आणि तोही दावा निकाली निघाला. अदालत खुश, कारभारी खुश, वस्ती मात्र चावडीवर उभी.

तेव्हा वकील बोलिले, "माफी नाकारील ऐसा वादी पाहिजे. हुकमावर निवाडा जाहला तरच सर्वांची हजेरी जाईल." सगळे खाली पाहू लागले. ठकूबाई म्हणाली, "माजं नाव घाला."

हणमा शरमला. "आक्के, तुजी लेक पहिलटकरीन. माफी घे न् जा तिच्याकडं."

"जाईन, आन् तिचं लेकरू उद्या चावडीवर उभं ऱ्हाईल, त्याचं काय?"

मग कारभाऱ्यांनी ठकूबाईचे पालापुढे मेणा आणविला आणि जन्मात प्रथमच तिला अहो-जाहो केले. "बाई, बसा. लेकीच्या दारापर्यंत पोचवितो." बाईने पाय उचलिला, आणि पुन्हा खाली ठेविला.

"आन् वस्तीची हजेरी?"

"वस्तीचे पुढे पाहू."

"मग मेनाबी तवाच आना."

मेणा रिकामा परतला. पुढे चिमी तेथील म्हातारीचे हातून सुखरूप सुटली, मुलगा जाहला, ऐसा निरोप आला आणि ठकूबाई हजेरीचे रांगेत तोंडास पदर लावोन रडली. मग न्यायाधीशांस संधिवात जाहला, मग आंबे आले, मग कारभाऱ्यांचे घरी लग्न निघाले, आणि दावा वर्षानुवर्षे चालतच राहिला. शेवटी निवाडा जाहला की, गुन्हा एकाचा असतो, वस्तीचा नसतो, सबब हुकूम रद्द. दरबाराने साखर वाटिली आणि दवंडी पिटविली की, सरकारांनी आपण होऊन कृपा केली.

मग ठकूबाई शीव ओलांडोन नदीपार गेली. पालातून एक पोर धावत बाहेर आले, तिजला पाहोन थबकले, आणि आत जाऊन म्हणाले, "आये, कोन बाई आलीया."

एवंच, दरबार न्यायी ठरला, वस्ती मोकळी जाहली, आणि नातवास आजी कोण ते सांगावे लागले.