काचेच्या केबिनमधली कसरत

बस स्टँडवर माईकसमोर बसून गाड्या पुकारायच्या, त्यात काय एवढं? तोंड आहे, आवाज आहे, भांडायची सवय तर जन्मापासून आहे!

माझी आत्या वीस वर्षं तिथे पुकारते. तिने "सात नंबर" म्हटलं की सात नंबरवर झोपलेलं कुत्रंसुद्धा उठून गाडीला जागा देतं! पण रोज सकाळी आरशासमोर ती घोड्यासारखे ओठ फुरफुरवायची, आणि मी खो-खो हसायचे.

त्या दिवशी माझी चाचणी होती. स्टँडच्या साहेबांना पसंत पडलं तर नोकरी, नाहीतर सोमवारपासून बाबांच्या लॉन्ड्रीत इस्त्री. शाळा सोडली तेव्हाच बाबांनी सांगून ठेवलं होतं.

"आधी दहा मिनिटं माझे ते व्यायाम करून तोंड मोकळं कर," आत्या म्हणाली. "माईक बंद, दाराला आतून कडी. काही झालं तरी मध्येच थांबायचं नाही. मी चहा आणते."

केबिन काचेची. आवाज बाहेर जात नाही, पण दिसतं सगळं. हे डोक्यातच आलं नाही!

मी गाल फुगवले. समोरच्या जाड्या ड्रायव्हरने स्वतःचे गाल चाचपले आणि लालबुंद झाला. मी जीभ हनुवटीपर्यंत काढली. बाकावरच्या बाईने पोराचे डोळे झाकले. मी जबडा गरागरा फिरवला. हळूहळू गर्दी जमली, लोक काच बडवायला लागले.

टिंगल करतायत होय? माझं डोकंच फिरलं! पेन्सिल दातांत आडवी धरली आणि त्यांच्याकडे डोळे वटारून गाड्यांची अख्खी यादी म्हणायला लागले.

बाहेर एक आजोबा ओरडले म्हणे, "पोरीची दातखीळ बसली! दार तोडा!"

ड्रायव्हरने एका धक्क्यात कडी उखडली आणि काच पुसायची अख्खी बादली माझ्यावर ओतली. काळजीने की रागाने, त्याचं त्यालाच ठाऊक!

"गेला!" मी किंचाळले.

"कोण गेला?"

"माईक!"

साहेब धावत आले. "अगं, सव्वानऊची जलद सुटायला आली, पुकारणार कोण?"

मी तशीच निथळत खुर्ची दाराबाहेर ओढली आणि तिच्यावर चढले. "सव्वानऊची जलद गाडी चार नंबरवर लागली आहे!"

आवाज असा खणखणीत निघाला की मीच दचकले. पार टोकाचा हमालसुद्धा वळला. साठ माणसं बोचकी उचलून चारकडे पळाली.

गाडी सातवर होती.

तेवढ्यात आत्या आली. हातातले कप खाली ठेवले, श्वास घेतला. "सव्वानऊची जलद, सात नंबर." माईक नाही, आरडाओरडा नाही. साठच्या साठ माणसं गर्रकन वळली!

मी बघतच राहिले. या बाईला मी हसत होते?

"साहेब, चुकले मी," मी पुटपुटले.

"चुकलीसच. पण 'काय म्हणाली?' असं एकानेही विचारलं नाही. उद्यापासून ये."

मी उडीच मारणार होते. आत्या म्हणाली, "येताना केबिनला पडदा आण. आणि चुरगळलेला नको हं!"

म्हणून सध्या लॉन्ड्रीत उभी आहे. पडद्याला इस्त्री करतेय, ओठ फुरफुरवतेय. बाबा म्हणतात, लवकर आटप, गिऱ्हाईक दारातूनच परत चाललंय!