सोनबांचं फुंकायचं यंत्र

रोज सकाळी सात वाजता सोनबा ओट्यावर बसून एका यंत्रात फुंकत, आकड्याचा फोटो काढून पुण्याला लेकीला, स्नेहलला, धाडत. सव्वासातला मोबाइलवर तिचा अंगठा येई. दिवसभरातलं त्यांचं माणसाशी बोलणं एवढंच, आणि तेही अंगठ्याशी.

तीस वर्षं भोरच्या एसटी डेपोत कंट्रोलर म्हणून सोनबा लाउडस्पीकरवरून सगळ्या तालुक्याशी बोलले होते. निवृत्त होऊन विंझरला आले, वर्षभरात बायको गेली, आणि घर गप्प झालं. त्यात गुडघे धरले. डॉक्टरांनी वजन उतरवा म्हणून सांगितलं, आणि स्नेहलने केटो नावाचा आहार लावून दिला. भात, भाकरी, साखर बंद. अंडी, पनीर, तूप चालू. चारी बाजूंना भाताची खाचरं आणि ताटात भात नाही! तेही सोनबांनी सोसलं. पण जो माणूस चहाला नको म्हणतो, त्याला घरी बोलवायचं तरी कशाला? महिनाभरात गावाने त्यांना हाक मारणं सोडून दिलं. याचं त्यांना भातापेक्षा जास्त वाईट वाटे.

साखर मिळेनाशी झाली की शरीर चरबी जाळतं आणि त्यातून किटोन तयार होतात. ते मोजायला स्नेहलने दोन यंत्रं पाठवली होती, एक श्वासातून मोजणारं आणि एक बोट टोचून रक्तातून. कोणतं खरं बोलतं ते दोन रकाने आखून लिहायचं होतं. रक्ताचा आकडा शहाण्यासारखा जागेवर बसे. फुंकीचा मात्र उड्या मारी; एकदा हाताला सॅनिटायझर चोळून फुंकलं, तर यंत्राने किंकाळीच फोडली. पण सोनबा सुईला घाबरत, त्यामुळे रक्त फक्त रविवारी.

शेजारच्या धोंडाबाई हे सगळं कुंपणावरून बघत होत्या. फुंकायचं यंत्र त्यांनी जन्मात एकच पाहिलं होतं, राजगडावरून परतणाऱ्यांच्या गाड्या अडवून पोलीस तोंडापुढे धरतात ते.

"भावजी, पोरीनं धाडलंय व्हय? तुमी पिता का बघाया?"

"न्हाई वो वैनी. वजनासाठी हाय."

"वजन कुठं फुंकून मोजत्यात?" धोंडाबाई म्हणाल्या, आणि संध्याकाळी नवऱ्याला, गेनूला, दंडाला धरून घेऊन आल्या. गेनू फुंकला. सोनबांचा आकडा चौदा यायचा, गेनूचा साठ आला आणि यंत्र ओरडलं. "दोनच घोट घेतलं हुतं," गेनूने आपणहून कबूल केलं. झालं! यंत्राची कीर्ती पाबे घाटापर्यंत पोचली.

आठवड्याभरात संध्याकाळी सोनबांच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा उरेना. बाया नवरे आणत, नवरे मेहुणे आणत. हे दारूचं यंत्र नाही, असं सोनबांनी पहिल्या दिवशी चार वेळा सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवशी ते दुकानात जाऊन पाहुण्यांच्या चहासाठी दोन किलो साखर घेऊन आले. यंत्र मिनिटभरात तयार होत असे. सोनबा म्हणत, "बसा, अजून तापतंय," आणि अर्धा तास गप्पा चालत. चूक त्यांना कळत होती, पण सुख होत होतं, त्याला ते तरी काय करणार?

एकादशीला गीताबाई नवऱ्याला घेऊन आल्या. ज्ञानू गेली वीस वर्षं माळकरी. सगळ्यांच्या नवऱ्यांचे आकडे ऐकून गीताबाईंना आपल्याचं शून्य चारचौघांत दाखवायचं होतं. ज्ञानूने फुंकलं. अडतीस.

सगळ्यांच्या नजरा त्याच्या गळ्यातल्या माळेकडे वळल्या.

"माळ काढा आदी," गीताबाई म्हणाल्या.

"आगं, कालच्यापास्नं पाण्याबिगर पोटात काय न्हाई!"

"मग पान्यात काय मिसळलं हुतं?"

ज्ञानू चिडला. खरं-खोटं होईपर्यंत अन्नाला शिवणार नाही, अशी त्याने शपथ घेतली आणि द्वादशीही उपाशी काढली. संध्याकाळी पुन्हा फुंकला. बावन्न. "उपाशी ऱ्हाऊन बी पितोय!" गीताबाईंचा आवाज तीन आळ्या ओलांडून गेला.

सोनबांना सगळं कळत होतं. उपाशी ज्ञानूचं शरीर चरबी जाळत होतं, जितका जास्त उपास तितका मोठा आकडा. पण खरं बोललं की ओटा रिकामा होणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी पनीर ताटातच ठेवलं. संध्याकाळी ते उठले आणि रक्ताचं यंत्र सगळ्यांच्या मधोमध ठेवलं.

"यंत्र दारूचं न्हाई. पयलंच सांगितलं हुतं, मंग सांगायचं थांबलो, ही माजी चूक. फुंकीला दारू आन् उपास सारकंच वाटतं. रगताला न्हाई वाटत. बोट द्या, ज्ञानू."

ज्ञानूचं रक्त दोन पूर्णांक सहा, पक्क्या उपासाचा आकडा. मग नेहमीप्रमाणे दोन घोट घेऊन आणि जेवून आलेल्या गेनूला फुंकायला लावलं. अठ्ठावन्न. त्याच्या बोटाचं रक्त मात्र शून्य पूर्णांक एक.

"म्हंजी म्या सुटलो?" गेनूने आशेने विचारलं.

"तू न्हाई," धोंडाबाई म्हणाल्या. "माळकरी सुटला."

लोक उठून गेले. काहींनी चहाही अर्धाच ठेवला. दारू ओळखता न येणाऱ्या यंत्रासाठी विंझरमध्ये कुणाला वेळ नव्हता. दुसऱ्या संध्याकाळी सोनबा ओट्यावर एकटे बसले. आपण ज्ञानूचं घर वाचवलं, हे त्यांनी स्वतःला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनाच त्याचा कंटाळा आला.

त्याच्या पुढच्या दिवशी, दिवेलागणीला, ज्ञानू आला. सोनबांना वाटलं, आभार मानायला आला असेल.

"काय केलंत हो तुमी!" ज्ञानू म्हणाला.

"का? घरी बरं हाय ना?"

"बरं? पोरगी सासरी गेल्यापास्नं घरात 'जेवा' आन् 'दिवा मालवा', एवढंच बोलणं हुतं. ह्या यंत्रापायी दोन दिस भांडली माज्याशी. लगनापास्नंचं समदं काढलं. रडली बी. म्या बी बोललो. तुमी रगत दावलं आन् ती परत गप. कालपास्नं 'जेवा'."

हे दुःख सोनबांना न सांगता कळत होतं.

"तेवढं सांगता का तिला," ज्ञानूने आवाज खाली आणला, "की रगताचं यंत्र बी कवाकवा चुकतं?"

सोनबांनी आयुष्यात लाउडस्पीकरवरून एकही गाडी खोटी सांगितली नव्हती.

"सांगतो. पन तुमी रोज सांजच्याला हितं यायचं. तपासाया."

"रोज?"

"रोज. यंत्र तापाया येळ लागतो."

ज्ञानू चपला काढून ओट्यावर टेकला. "चा असंल का?"

"हाय," सोनबा म्हणाले, आणि दोघांचा चहा ठेवायला आत गेले.