सहाशे मोजेपर्यंत

अप्पा मोजायला बसले की आमच्या चाळीत कोणी तोंड उघडत नसे. सोलापूरच्या भवानी पेठेतली चाळ, चहूबाजूंनी मागांची खडखड, घराघरात पोरं. तिथं शांतता नांदणं म्हणजे तसं अवघडच. पण गिरणीचा आठचा भोंगा झाला की अंगणातल्या भुशाच्या शेगडीवर तपेलं चढायचं, पाणी खळखळायला लागायचं आणि अप्पा कानडीतून सुरू करायचे, "ओंदु, एरडु, मूरु..." ते थेट सहाशेपर्यंत. मध्येच कोणी "अप्पा, चहा टाकू का?" एवढं विचारलं तरी ते थांबायचे, विचारणाऱ्याकडे टक लावून बघायचे आणि पुन्हा ओंदुपासून सुरुवात. एकदा पोस्टमन आला, त्याच्या मागं विम्याचा एजंट आला, त्याच्या मागं भंगारवाला. त्या दिवशी तपेलं तासभर उकळत होतं आणि मला ऑफिसला उशीर झाला.

तपेल्यात असायच्या तान्ह्या पोरांच्या दुधाच्या बाटल्या. काचेच्या, होडीच्या आकाराच्या, दोन्ही टोकांना रबर. चाळीतल्या बऱ्याच बाया विड्या वळायला नाहीतर मागावर जायच्या, त्यामुळं वरच्या दुधावरची पोरं बरीच. दुष्काळ नुकताच सरला होता, नळाला एक दिवसाआड पाणी, रॉकेलला रांग. घरोघरी बाटली उकळायची कुणाला ऐपत? म्हणून सगळ्यांच्या बाटल्या अप्पांच्या तपेल्यात.

अप्पा म्हणजे सिद्रामप्पा. तीस वर्षं गिरणीच्या बॉयलरवर काढलेली, आता रिटायर. बायको कधीच वारली होती, मुलगा भिलाईला नोकरीवर. कोपऱ्यातल्या खोलीत एकटेच राहायचे. गिरणी सुटली तरी बॉयलर काही त्यांच्या डोक्यातून सुटला नव्हता. बाटलीच्या मागच्या रबराला ते 'व्हॉल्व्ह' म्हणत. रविवार हा बॉयलर उघडायचा दिवस. आमच्या आडाच्या पाण्यानं तपेल्याला आतून पांढरा थर धरायचा. अप्पा चिंचेचा कोळ घेऊन बसत आणि तो थर असा घासून काढत की कल्हईत तोंड दिसावं. "ह्यो थर बसला की बॉयलर फुटतोय," ते म्हणत. मी एकदा म्हणालो, "अप्पा, तपेलं कसं फुटेल?" तर म्हणाले, "तपेलं न्हाई फुटत. माणूस ढिला पडतोय."

त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "बुडबुडा वेगळा, उकळी वेगळी." हे ते बाटलीलाही लावत, सरकारलाही लावत आणि चाळीत कुणाचं लग्न ठरलं तर नवरदेवालाही.

बाटल्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकीच्या कमरेला सुताचा धागा. लाल, हिरवा, पिवळा. पहिल्याच दिवशी लाल धाग्याचा रंग सुटला आणि सगळं पाणी गुलाबी झालं. अप्पा ते पाणी वाटीत घेऊन शेजारच्या लक्ष्मीअक्काच्या मागापाशी जाऊन उभे राहिले. ती पिढीजात विणकर, तेलुगू माणूस. "ह्याला सोलापूरचा पक्का रंग म्हणायचं का अक्का?" तिला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः रंगवलेले धागे आणून दिले, ते वर्षभर टिकले.

हीच लक्ष्मीअक्का एकदा भलती चूक करून बसली. तिचं पातेलं गळायला लागलं, ताण्याच्या सुताला पिठाची खळ तर लावायची होती, म्हणून तिनं दुपारी अप्पांच्या तपेल्यात खळ शिजवली. धुऊन, पुसून जागेवर ठेवलं. सकाळी अप्पांनी झाकण काढलं, वास घेतला आणि म्हणाले, "खळ." ओरडले नाहीत. राख आणि चिंच घेऊन बसले. दोनदा तपेलं नुसतंच उकळून पाणी ओतून दिलं, तेही पाण्याच्या खाड्याच्या दिवशी. इकडं पोरांनी भोकाड पसरलेलं, त्यात सगळ्यात मोठं भोकाड अक्काच्याच पोराचं.

"खळ काय विष असते का अप्पा?" ती वैतागून म्हणाली. "आमचा पोरगा मागाखाली बसून खळ चाटतोय."

"त्येनं चाटलेली त्याच्या पोटात. तपेल्यात न्हाई," अप्पा म्हणाले आणि घासत राहिले.

खरं सांगायचं तर मला हा माणूस आवडत नव्हता. सकाळी सकाळी आपल्याच दारात आपण मुक्यानं वावरायचं म्हणजे काय? माझा विजू आईच्या दुधावर होता, माझा त्या तपेल्याशी संबंध नव्हता, त्यामुळं मी लोकांत अप्पांची नक्कलही करायचो. मग वेळ आली आणि नाक मुठीत धरून त्यांच्याच दारात गेलो.

विजू तीन महिन्यांचा असताना कुसुमला, माझ्या बायकोला, टायफॉईड झाला. तिला दवाखान्यात ठेवलं आणि पोराला वरचं दूध सुरू केलं. बाटली मीच धुतली, गरम पाण्यानं, माझ्या मते चांगली. चौथ्या दिवशी विजूला हगवण लागली. पोराचे डोळे खोल गेले, टाळू बसली. कसाबसा त्यातून निघाला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आईचं मी बघतो. पण याचं पोट आणखी एकदा बिघडलं तर माझ्या हातात काही राहणार नाही." मी ऑफिसला न जाता तडक घरी आलो आणि ती बाटली अप्पांच्या पुढ्यात ठेवली.

अप्पांनी रबर ताणून उजेडात धरलं, हुंगलं. "दत्ताराव, ह्याच्यात कालचं दूध हाय," म्हणाले. "पण आता हाय ना माझ्याकडं. न्हाई बिघडू देत मी."

विजूला सांभाळायला केम गावाहून माझी आत्या आली होती. तिला हे सगळं थोतांड वाटायचं. अप्पा रबराला मीठ चोळत होते, ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमी काय बाटल्या उकळून पोरं वाढवली व्हय?"

"किती वाढली आन किती गेली, ते बी सांगा की," अप्पा मान वर न करता म्हणाले.

आत्याची दोन गेली होती. ती पदर खोचून खाली बसली, पुढ्यातलं मीठ ओढलं आणि दुसरं रबर चोळायला घेतलं. त्या दिवसापासून मोजताना कोणी खोकला तरी आधी आत्याच डोळे वटारायची.

विजूच्या बाटलीला निळा धागा. दिवसाचं प्रत्येक दूध अप्पांच्या नजरेखालून जायचं. काच सहाशे मोजेपर्यंत, रबर शेवटच्या शंभराला टाकायचं, तपेल्याला हात लावून हात टिकला तरच झाकण काढायचं. मी सगळं पाळलं. कारकून माणूस, नियम पाळायला मला काही शिकवावं लागत नाही. पण तिसऱ्या आठवड्यात दवाखान्यातून निरोप आला की कुसुमचा ताप उतरलाय, भेटायला या. मला धीर धरवेना. झाकण काढलं, चिमट्यानं बाटली उचलली आणि ओल्या शहाबादी फरशीवर ठेवली. तड् आवाज झाला आणि निळ्या धाग्याच्या दोन्ही बाजूंना बाटलीचे दोन तुकडे झाले.

नेमका त्या दिवशी कसलासा बंद होता. सायकल मारत सात रस्त्यापर्यंत जाऊन आलो, एक दुकान उघडं असेल तर शपथ. परत आलो तर विजूनं रडून चाळ डोक्यावर घेतलेली. वाटी-चमच्यानं पाजायला गेलो तर ठसका लागून काळानिळा झाला. लक्ष्मीअक्का आपली बाटली घेऊन धावत आली, पण अप्पांनी हात आडवा घातला. एकाची चालू बाटली दुसऱ्याच्या तोंडात जायची नाही, हा त्यांचा नियम, आणि तिच्या पोराला त्याच आठवड्यात जुलाब होत होते. मग अप्पांनी तपेल्यात हात घातला आणि पांढऱ्या धाग्याची बाटली काढली. रंग न दिलेला, कोरा धागा. ती बाटली मी रोज बघत होतो आणि ती कोणाची, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

"ही कुनाची?" आत्यानं विचारलं.

"कुनाची न्हाई. भरा दूध."

विजू गटागटा प्यायला आणि झोपला. आत्या काही सोडणारी नव्हती. तिनं पुन्हा विचारलं तेव्हा अप्पा शेगडीतला भुसा ठोकत ठोकत म्हणाले, "नातवाची. भिलाईला हाय. जन्मला तवा पोरगं म्हनलं दिवाळीला आनतो. मग पत्र आलं, की सुनबाई म्हंती हितलं पाणी बाळाला सोसायचं न्हाई. म्हनून तपेलं आणलं. रोज उकळून ठिवतो. कवाबी आले तर तयार पायजे की."

"किती वर्सं झाली?"

"पाचवी दिवाळी आली."

एवढंच बोलले. म्हणजे आमच्या चाळीतली सगळी पोरं त्या एका कोऱ्या बाटलीच्या जिवावर वाढत होती. एका बाटलीसाठी एवढं तपेलं कशाला, म्हणून त्यांनी आमच्या बाटल्या आत घेतल्या होत्या. मी ज्या माणसाची नक्कल करायचो तो हा माणूस. मला त्या दिवशी स्वतःची फार लाज वाटली, आणि अजून वाटते.

पुढं तीच बाटली विजूला राहिली आणि त्याचं पोट पुन्हा बिघडलं नाही. कुसुम घरी आली, आत्या केमला गेली आणि जाताना अप्पांच्या पाया पडली, ती त्यांच्याहून मोठी असूनसुद्धा. विजूची बाटली सुटली तेव्हा मी ती पांढऱ्या धाग्यासकट घासूनपुसून परत द्यायला गेलो. अप्पांनी हातात घेतली, उजेडात धरून पाहिली आणि लक्ष्मीअक्काच्या घरी नुकत्याच आलेल्या दुसऱ्या तान्हुल्यासाठी देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत होतो. तपेलं उकळत होतं, अप्पा मोजत होते. सहज डोकावलो तर बाटल्यांच्या मधोमध एक छोटासा स्टीलचा पेला गडगडत होता. भांड्याच्या दुकानातून नाव घालून आणलेला, 'चि. बसवराज'.

"अप्पा, हा पेला?" माझ्या तोंडून निघून गेलं. चारशेच्या पुढं गेले होते ते. चाळीतल्या दारांतून सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

अप्पा थांबले. "आता बाटली कशाला लागंल त्याला? मोठं झालं आसंल की." मग सदऱ्याच्या खिशातून एक कोरं पोस्टकार्ड काढून माझ्यापुढं धरलं. "तुमी हापिसात लिवता. एक वळ लिवून द्या. हितलं पाणी सोसतंय म्हनून. खाली विजूचं नाव घाला आन वजन घाला. पुरावा पायजे."

"या, असं लिहू का?"

"नगं. तेवडं त्यांना कळतंय."

कार्ड मी हातात घेतलं. अप्पांनी तपेल्याकडं तोंड केलं, उकळी नीट आहे ना ते पाहिलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली, "ओंदु, एरडु, मूरु..."