घाटकोपरची कणचोरी

दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही घाटकोपरच्या वर्कशॉपात आलो, त्या सकाळी चोरी उघडकीस आली. कण मोजायच्या यंत्राचा काटा शून्यावर पडून होता. सुट्टीआधी तो छान हलत होता.

"कुणी हात लावायचा नाही," आमचे सुपरवायझर शरच्चंद्रसाहेब म्हणाले. "कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत माझ्याएवढी शोधक नजर दुसरी नाही. चोर आतलाच आहे."

चोरीचा माल डोळ्यांना न दिसणारा. तरी साहेबांनी सगळ्यांचे खिसे तपासले.

यंत्राच्या एका टोकाला कण सोडणारी चकती होती, दुसऱ्या टोकाला ते मोजणारा डिटेक्टर. मध्ये पितळेचा ठोकळा. त्याच्या बारीक भोकातून सरळ येतील तेवढेच कण पुढे जायचे. भोक मोठं झालं तर वाकडेतिकडेही घुसणार, लहान झालं तर मोजायला कणच उरणार नाहीत. हा प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञ अनुपमाबाईंनी पावसाळाभर गणितं करून माप काढलं होतं. भोक मी पाडलं होतं. शनिवारी यंत्र चाललं नाही, तर बाईंचा प्रयोग रद्द होणार होता.

साहेबांचा पहिला संशय शेजारच्या वेल्डिंगवर. दुसरा माझ्या शेजारी काम करणाऱ्या हेन्रीच्या डब्यातल्या सुक्या बोंबलांवर.

"वासाने हवा जड होते. कण थकतात."

"मागे माझा डबा संपवलात साहेब, तेव्हा तुम्ही नाही थकलात ते?"

मग माझी पाळी आली. "सहदेव, वहिनी गेल्यापासून तुझं लक्ष नसतं. भोक वाकडं पडलंय. ड्रिल लाव, मोठं कर."

"अहो, माझं सगळं गणित जाईल!" अनुपमाबाई म्हणाल्या. "सुट्टीआधी चालत होतं ना?"

"तेव्हा सरळ होतं."

मी ठोकळा ड्रिलखाली बांधला. तेवढ्यात आमची टायपिस्ट क्लॅरिस सही घ्यायला आली.

"भोकातून आरपार दिसतं का, ते कोणी बघितलं?"

कोणीच नाही. ठोकळा सोडवून ट्यूबलाइटसमोर धरला, तर अंधार. टाचणीने टोचल्यावर बांबूची काडी बाहेर पडली. चंदनाचा वास आला.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा साहेबांनीच केली होती. उदबत्ती खोचायला त्यांच्या शोधक नजरेला तेच भोक सापडलं होतं.

"बघा," साहेब म्हणाले, "चोर आतलाच निघाला."

ठोकळा परत बसवला, तसा काटा हलायला लागला. अनुपमाबाई वही उघडून आकडे लिहायला लागल्या. रिपोर्टात शोध साहेबांच्या नावावर गेला.

दरवर्षी पूजेला माझी बायको प्रेमा यायची. उदबत्तीचं पितळी घर ती घरून आणायची. ते तिच्या कपाटात आहे. कपाट मी अजून उघडलेलं नाही.