विकसित लेआउट क्रमांक एक

"सर, आजोबांच्या भूगोलाच्या पुस्तकात आपला देश विकसनशील होता, आईच्या पुस्तकात होता, आणि माझ्याही पुस्तकात आहे. मग आपण विकसित कधी होणार?"

शाळेच्या स्नेहसंमेलनात, भरल्या सभागृहात, प्रमुख पाहुण्यांना हे विचारायची पैज माझ्या मैत्रिणींनी लावली होती. "हिंमत असन तं विचारून दाखव न वं भैरवी," असं त्यांच्यातली भूमिका म्हणाली आणि माझा हात आपोआप वर गेला. पैज एक प्लेट तर्री-पोह्यांची होती. इतक्या स्वस्तात देशाला कोणी धारेवर धरलं नसेल.

पाहुणे विकासमापन कक्षाचे उपसंचालक होते. त्यांनी आधी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "विकास हा प्रवास असतो, बेटा," ते म्हणाले.

"हो सर. पण एखाद्या मुलीच्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी 'सुधारणा होत आहे' एवढंच आलं, तर शाळा तिच्या पालकांना बोलावून घेते."

मागच्या रांगेतून शिट्टी आली. साहेबांनी घाम पुसला. "तू राहतेस कुठे?"

"बेसात, शहराच्या या टोकाला."

"मग विकसित होण्याची सुरुवात बेसापासूनच करू!" प्रचंड टाळ्या. मी जिंकले होते. निदान पोहे संपेपर्यंत मला तसं वाटत होतं.

आमचं लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली वस्ती, तसं बघण्यासारखं आहे. प्रत्येक घरापुढे कार, प्रत्येक गच्चीवर टाकी आणि प्रत्येक पोर्चमध्ये पाण्याचे निळे ड्रम. बोअर आटले आहेत, नळाची पाइपलाइन मंजूर आहे आणि मधल्या काळापुरता गोविंदाभाऊंचा सरकारी टँकर येतो. हा मधला काळ मी तिसरीत असताना सुरू झाला. आता मी दहावीत आहे.

विकास मोजायला साहेबांचं पथक येणार हे कळताच लेआउट समितीचे अध्यक्ष ताराचंदकाका दारोदार फिरले. ही जमीन आधी त्यांचीच संत्र्याची बाग होती, त्यामुळे लेआउटचं भलंबुरं तेच ठरवतात. "उद्या एकबी ड्रम दिसला नाही पाहिजे," ते म्हणाले. "एकडाव विकसित म्हणून ठप्पा लागला का भाव कुठच्या कुठं जाते पाहा!"

सगळे कामाला लागले. कोणी ड्रमावर कुंडी ठेवली, कोणी बाप्पा बसवला. माझी आई बँकेत आहे. ऑडिटच्या आधी काय झाकायचं हे तिला उपजत कळतं. तिने आमच्या ड्रमावर फळी, फळीवर गादी आणि गादीवर जयपुरी चादर घातली. दुसऱ्या दिवशी उपसंचालक त्यावरच बसले आणि म्हणाले, "बैठक छान आहे तुमची."

मग मोजमाप सुरू झालं.

"एसी?"

"दोन."

"मुलगी?"

"इंग्रजी शाळेत."

"वॉटर प्युरिफायर?"

"आहे तर!" बाबा छाती फुगवून म्हणाले.

"म्हणजे पाणी आहे," साहेबांनी फॉर्मवर खूण केली. "पाणी नसताना प्युरिफायर कोण लावेल?"

हा युक्तिवाद इतका निर्दोष होता की मीसुद्धा मान डोलावली.

तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. ताराचंदकाका चप्पल न घालताच धावले. "जाय गा गोविंदा, जाय! आज पाणी नको. आज आम्ही विकसित होऊन राहिलो!"

"अन् उद्या गा, काका?"

"उद्याचं उद्या पाहू! आधी गाडी वळव!"

भरलेला टँकर तसाच परत गेला. आठवडाभरात लेआउटच्या तोंडाशी पाटी लागली: 'विकसित लेआउट क्रमांक एक'. फीत मी कापली. पेढे वाटले. पेढ्यांनंतर सगळ्यांना पाणी प्यावंसं वाटलं, पण तोवर टँकर येणं बंद झालं होतं.

मी आणि आई कक्षाच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी ओळखलं, चहा मागवला.

"सर, टँकर बंद झाला."

"अभिनंदन," ते म्हणाले. "टँकर टंचाईग्रस्त भागासाठी असतो. विकसित भागात टंचाई नसते."

"पण पाणी नाही ना!" आई म्हणाली.

"ते नुसतं पाणी नसणं झालं, मॅडम. टंचाई वेगळी. ती जाहीर व्हावी लागते."

"मग ती मंजूर झालेली पाइपलाइन तरी टाका."

"ती विकसनशील भागात टाकतात. तिथे विकास करायचा असतो. तुमच्याकडे तो झाला."

"मग आम्हाला परत विकसनशील करा," मी म्हणाले.

साहेब दुखावले. "बेटा, मागे जायची तरतूद नाही. तुम्ही मागे गेलात तर जिल्ह्याच्या वाढीचा दर घसरेल. आणि विकसित कधी होणार, असं तूच विचारलं होतंस ना?"

चहा मात्र आम्ही पूर्ण प्यायलो. त्यात पाणी होतं.

तेव्हापासून आम्ही राहतो बेसात आणि आंघोळीला जातो शहरातल्या रामदासपेठेत, मामाकडे. मामी अजून हसून दार उघडते, पण हल्ली आधी घड्याळाकडे बघते.

मला वाटलं होतं, आता लेआउट पेटून उठेल. समितीची बैठक झाली. प्रत्येक जण घरून पाण्याची बाटली घेऊन आला होता. ताराचंदकाका म्हणाले, "पाण्याचं नाव कोणी बाहेर काढाचं नाही. भाव दीडपट झाला आहे. जो घर इकत घेईन, तोच बोंबलन मंग." ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझे बाबाही होते.

"बाबा, तुम्ही काय करून राहिले?"

"मी प्रॅक्टिकल विचार करून राहिलो," बाबा म्हणाले आणि घर विकायला काढलं.

पहिल्याच रविवारी दलाल गिऱ्हाईक घेऊन आला: गौरांगकाका आणि रीनाकाकू. माणसं गोड. आईने विकतचं पाणी तांब्याच्या पेल्यांतून दिलं. काकूंनी पेला रिकामा केला, मग काकांचाही केला. घर बघताना मात्र त्यांनी व्ह्यू विचारला, पार्किंग विचारलं, मेट्रो कधी येणार तेही विचारलं. पाण्याबद्दल एक शब्द नाही.

"तुम्ही सध्या कुठे राहता?" बाबांनी विचारलं.

"शहराच्या त्या टोकाला. विकसित लेआउट क्रमांक दोन."

"अरे वा! मग ते काहून सोडून राहिले?"

काका-काकूंनी एकमेकांकडे पाहिलं. "असंच. जरा चेंज."

बाबांचे डोळे चमकले. "ते विकायचं आहे का?"

अर्ध्या तासात ठरलं. आमचं घर ते घेणार, त्यांचं आम्ही. दलाल तर उभाच राहिला. म्हणाला, "एका दिवशी दोन सौदे! यालेच ग्रोथ म्हणते, साहेब!"

तुम्ही हसत असाल. हसा. पण शेवटचं घर बघायला गेला होतात तेव्हा तुम्ही तरी काय विचारलं होतं? जाहिरातीतला स्विमिंग पूल बघून टोकन देणाऱ्यांत तुम्हीही असाल. नसाल, तर तुमचं घर सध्या विकायला काढलेलं असेल.

पाहुणे गेले. आई हिशेब मांडायला लागली, बाबा शीळ घालत होते. मी मधोमध जाऊन उभी राहिले.

"आई, बाबा, मी एक ठरवलं आहे. पुढच्या रविवारी सह्या व्हायच्या आधी, त्यांच्या घरचा आणि आपल्या घरचा, दोन्ही कोरडे नळ मी सगळ्यांसमोर उघडणार."

बाबांची शीळ थांबली. "अगं वेडी झालीस का? मग एकही घर विकलं जाणार नाही! सगळ्यांना आहे तिथेच राहावं लागेल!"

"हो ना," मी म्हणाले. "आणि आहे तिथेच राहायचं म्हटलं की पाणी मागावंच लागेल. मी नळ उघडणार, बाबा. ठरलं."